दुसरीचे वर्ष आणि घरचा अभ्यास : प्रकल्प नोंदी (जून २०२५ ते जानेवारी २०२६)

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा उघडली आणि मुलगी दुसरीच्या वर्गात जाऊन बसली. कराडजवळच्या आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत भरतात व दोन्ही वर्गांना शिक्षिका एकच आहेत. त्या मनापासून शिकवतात. परंतु एवढ्या मुलांपैकी प्रत्येकाच्या शेजारी बसून रोज त्याचे वाचन ऐकणे कोणाही एका माणसाच्या आवाक्यातले नाही. घरी मात्र ते करता येते. म्हणून या वर्षी घरच्या अभ्यासाकडे एक प्रकल्प म्हणून पाहायचे आणि काय आढळले, त्यावर काय केले, याची तारीखवार नोंद ठेवायची, असे मी, मुलीचे बाबा आणि आजी अशा तिघांनी मिळून ठरवले आहे.

शाळेत झालेला पाठ घरी पुन्हा शिकवायचा नाही, ही पहिली मर्यादा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असे म्हटले आहे आणि ते आम्हाला पूर्ण पटते. शाळेने न दिलेला गृहपाठ आईवडिलांनी मागच्या दाराने आणण्यात काही अर्थ नाही. रात्रीच्या जेवणाआधी वीस-पंचवीस मिनिटे बसायचे, मुलगी कंटाळली तर त्याआधीच उठायचे, आणि दिवसभरात वाचण्या-मोजण्याजोगे जे समोर येईल त्याचा उपयोग करायचा, एवढीच आखणी आहे.

अंदाज यावा म्हणून ‘निपुण भारत’ अभियानाची लक्ष्ये समोर ठेवली आहेत. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या अभियानानुसार दुसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर अर्थ समजून, मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने वाचावा, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करावी, अशी अपेक्षा आहे. ही लक्ष्ये मोठ्यांच्या माहितीसाठी आहेत. मुलीसमोर त्यांचा उच्चार करायचा नाही, असेही ठरले आहे.

२२ जून, रविवार

आज मुलीला नेमके काय येते याची पाहणी केली. पहिलीचे पुस्तक तिच्या हाती दिले तेव्हा तिने पाठ घडाघडा म्हटला, परंतु तिची नजर पानावर नव्हती. वर्षभर ऐकून तिला तो पाठ तोंडपाठ झालेला आहे, त्यामुळे त्या पुस्तकावरून तिच्या वाचनाविषयी काहीही कळत नाही. मग ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत संग्रहातील पहिल्या पातळीची एक अनोळखी मराठी गोष्ट छापून आणली होती, ती दिली.

काना, मात्रा आणि दुसरी वेलांटी ती सहज वाचते. पहिल्या वेलांटीपाशी मात्र थबकते, आणि त्याचे कारण लिपीतच आहे: ‘दिवा’ लिहिताना वेलांटीची खूण ‘द’च्या आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र ‘द’च्या नंतर होतो. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला ही उलटापालट उमगायला वेळ लागणारच. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गल्लत होते. जोडाक्षर आले की ती पहिले अक्षर ओळखून उरलेला शब्द अंदाजाने म्हणते, आणि रफाराकडे तर तिचे लक्षच जात नाही.

एक गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी घडली. ‘धरण’ हा शब्द तिने ‘घरण’ असा वाचला, क्षणभर थांबली आणि विचारले, “आई, घरण असं काही नसतं ना?” मी काहीच बोलले नाही. तिने पुन्हा अक्षराकडे पाहिले, बोटाने त्याची उघडी गाठ गिरवली आणि “धरण! कोयनेचं असतं तसं,” असे म्हणाली. वाचलेल्या शब्दाला अर्थ असला पाहिजे, ही अपेक्षा तिच्या मनात पक्की आहे. माझ्या मते आजच्या पाहणीतील ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण अक्षरांची ओळख सरावाने पक्की होते, पण अर्थाची ही मागणी एकदा विझली तर ती परत आणणे फार कठीण जाते. तिने थांबून विचार करावा म्हणून वाचनाच्या मध्ये कोणीही शब्द सुचवायचा नाही, असा नियम आजपासून घरातील सर्वांना लागू केला आहे.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

या आठवड्यात मुलीचे डोळे तपासून घेतले; दोष नाही. पुस्तक ती फार जवळ धरते म्हणून शंका होती. वाचनातल्या अडचणींचा विचार करण्याआधी दृष्टी आणि ऐकणे तपासून घ्यावे, असे मी इतर पालकांनाही आवर्जून सांगेन.

आज बाबांबरोबर ती कराडच्या एसटी स्थानकावर गेली होती. पंढरपूरच्या जादा गाड्यांमुळे फलाटांवर पाट्याच पाट्या होत्या. गाडी वळून फलाटाला लागेपर्यंत तिच्यावरची पाटी वाचायची, एवढाच खेळ. ‘पाटण’, ‘सातारा’, ‘चिपळूण’ हे शब्द तिने लांबूनच वाचले. ‘कोल्हापूर’ वाचताना ‘ल्ह’पाशी अडली, पण गावाचे नाव ओळखीचे असल्याने तिने ते पूर्ण केले आणि मग मागे जाऊन ‘ल’ आणि ‘ह’ एकमेकांना कसे चिकटले आहेत ते पाहिले. ‘उंब्रज’ तिने ‘उंबरज’ असे वाचले. गावात पुष्कळजण तसेच म्हणतात, त्यामुळे बाबांनी ते चूक ठरवले नाही. केवळ ‘ब’च्या पायाशी जोडलेली ती तिरपी रेघ म्हणजे ‘र’ आहे, एवढे दाखवले. ‘स्वारगेट’ मात्र पहिल्या फटक्यात जमले.

पाट्यांचा हा सराव मला पुस्तकापेक्षा काही बाबतींत सरस वाटतो. पाटीवर चित्र नसते, मागचे-पुढचे वाक्य नसते, आणि शब्द वाचण्यामागे खरे कारण असते, कारण चुकीचा वाचला तर माणूस चुकीच्या गाडीत बसतो.

१९ जुलै, शनिवार

गेले दोन आठवडे ‘र’ या एकाच अक्षराला दिले. मराठीत ‘र’ व्यंजनाला जोडला गेला की त्याची रूपे बदलतात: ‘प्रकाश’मध्ये तो तिरपी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये खाली छपरासारखा बसतो, ‘वर्ग’मध्ये डोक्यावर रफार होतो आणि ‘दऱ्या’मध्ये अर्धचंद्राचे रूप घेतो. मोठ्यांना हे इतके अंगवळणी पडलेले असते की मुलाला त्यात काय अवघड वाटावे हेच कळत नाही.

यात सर्वांत कठीण आहे तो रफार. ‘गर्दी’ या शब्दात ‘र’चा उच्चार ‘दी’च्या आधी होतो, पण त्याची खूण मात्र ‘दी’च्या वेलांटीच्या शेवटी, म्हणजे शब्दाच्या अगदी उजव्या टोकाला बसते. मुलगी हा शब्द कधी ‘गदी’ असा, तर कधी ‘गद्री’ असा वाचत होती. तेव्हा शब्द कागदाच्या तुकड्यांवर फोडून मांडला: ‘ग’, मग पाय मोडलेला ‘र्’, मग ‘दी’. मोठ्याने म्हणत म्हणत तिने ‘र्’चा तुकडा उचलायचा आणि ‘दी’च्या डोक्यावर रफार काढायचा. हाताने हे केल्यावर आवाजाची जागा आणि खुणेची जागा वेगळी आहे, हे तिला समजले.

सरावाचे शब्द तिनेच घरातून शोधले: शर्ट, पर्स, कार्ड, बोर्ड, सर्दी, अर्धा, दर्शन. ‘चार्जर’ या शब्दात एक रफार आणि एक साधा ‘र’ अशी दोन्ही रूपे सापडली, तेव्हा तो शब्द तिने तीन रंगांत लिहून भिंतीवर लावला. आजीने ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी सांगितली. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरामधल्या खोल जागा, आणि फरक केवळ ‘र’च्या रूपाचा. ही जोडी तिला फार आवडली आणि तिने शाळेत जाऊन बाईंनाही ती कोडे म्हणून घातली.

कोणताही शब्द दहा वेळा लिहायला लावलेला नाही. दहा वेळा लिहिताना मूल तिसऱ्या ओळीपासून केवळ वरच्या ओळीची नक्कल करते. त्यात वाचन नसते आणि विचारही नसतो.

९ ऑगस्ट, शनिवार, रक्षाबंधन

आता गणित. मुलगी १ ते १०० अंक क्रमाने म्हणते आणि क्रमाने लिहितेही, पण मध्येच एखादी संख्या सांगितली की गोंधळते. ‘पंचवीस’ म्हटले की ५२ लिहिते आणि ‘बावन्न’ म्हटले की २५. शेजारच्या घरी याला निष्काळजीपणा म्हणतात. मला तसे मुळीच वाटत नाही, कारण तिने जे ऐकले ते तिने त्याच क्रमाने लिहिलेले आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र वीसचा २ आधी लिहायचा असतो.

त्यातून ‘एकोण’ची अडचण वेगळीच. ‘एकोणसाठ’ ऐकल्यावर मुलाच्या कानावर ‘साठ’ पडते आणि हात ६ लिहायला जातो, पण लिहायचे असतात ५९. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर या सर्व ठिकाणी पुढच्या दशकाचे नाव घेऊन त्याच्यातून एक कमी करायचा असतो, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाने केवळ संख्या ओळखण्यासाठी मनातल्या मनात एक वजाबाकी करायची असते.

या अडचणीचा विचार २०१९ मध्ये बालभारतीने जाहीरपणे केला होता. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पारंपरिक नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी दशक आधी सांगणारी वाचनपद्धत दिली गेली आणि त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची नावे मुलांच्या मनात गणिताविषयी भीती निर्माण करतात. आम्ही घरी दोन्ही पद्धती वापरतो. जुनी नावे टाकून देण्याचा प्रश्नच नाही, कारण बाजारात, बसमध्ये आणि आजीच्या तोंडी तीच आहेत. पण ‘पन्नास तीन, म्हणजेच त्रेपन्न’ असे एका दमात म्हटले की मुलीला संख्येची रचना कळते आणि नावही कानावर राहते.

प्रत्यक्ष काम दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घेऊन केले. मी ‘त्रेपन्न’ म्हणायचे, तिने पाच नोटा आणि तीन नाणी मांडायची, मग नोटांचा आकडा डावीकडे आणि नाण्यांचा उजवीकडे लिहायचा. ‘एकोणसाठ’साठी तिने आधी सहा नोटा मांडल्या, मग त्यांतली एक आजीकडून मोडून घेतली आणि एक नाणे परत दिले. पाच नोटा आणि नऊ नाणी उरली. “म्हणून पाच लिहायचे होय!” असे ती एकदम म्हणाली, आणि त्यानंतर एकोणऐंशी, एकोणनव्वद तिने न अडता मांडले.

नंतर चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा तक्ता केला. त्यात दोनच्या स्तंभात बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव अशी सर्व नावे ‘ब’ने किंवा त्याच्या जोडाक्षराने सुरू होतात, हे तिने स्वतः शोधले. नऊच्या स्तंभात एकोणनव्वदपर्यंत नियम नीट चालला आणि शेवटी ‘नव्व्याण्णव’पाशी मोडला. तिने आजीला विचारले, “एकोणशंभर का नाही म्हणत गं?” आजी म्हणाली, “मला न्हाई बाई ठाऊक. पण तू म्हनतीस ते बराबर वाटतंय.” जी मुलगी नियम मोडल्याचे ओळखते, तिला नियम समजलेला असतो.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. घर पाहुण्यांनी भरलेले आहे आणि या आठवड्यात अभ्यासाची बैठक झालेली नाही. गौरीच्या सामानाची यादी मात्र मुलीने लिहिली: हळद, कुंकू, खारीक, सुपारी, गजरे. ‘कुंकू’मधला पहिला उकार कोणता आणि दुसरा कोणता, हे तिने आत्याला विचारून घेतले.

२० सप्टेंबर, शनिवार

शाळेत पालक भेट झाली. बाईंनी दोन सूचना केल्या. वाचून झाल्यावर ‘काय वाचलंस?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘ती मुलगी विहिरीकडे का गेली?’ असा कारण विचारणारा प्रश्न करावा. आणि दुसरीचे आकारिक मूल्यमापन, म्हणजे रोजच्या कामावरून होणारी पारख, वर्षभर चालू असल्यामुळे घरी तोंडी परीक्षा घेऊ नये. दोन्ही सूचना उपयोगी आहेत. पहिली तर आम्ही आजच अमलात आणली.

भेटीनंतर माता पालक गटाची बैठक झाली. २०२२ मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात असे गट गावोगावी तयार झाले. आमच्या गटातल्या एक ताई स्वतः लिहू-वाचू शकत नाहीत. “मी काय शिकवणार?” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला त्यांच्याशी सविस्तर बोलावेसे वाटले. मुलगा वाचत असताना शेजारी बसून ऐकणे, ‘मग पुढं काय झालं?’ असे विचारणे, भाकरी करताना पीठ किती वाट्या घेतले ते त्याच्याकडून मोजून घेणे, रात्री त्याला गोष्ट सांगणे आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्याच्याकडून ऐकणे, यातल्या एकाही कामाला अक्षर यावे लागत नाही. गोष्ट क्रमाने सांगता येणारे मूल पुढे गोष्ट वाचतानाही क्रम धरून ठेवते. ताईंना मुखोद्गत असलेल्या जात्यावरच्या ओव्या हा तर मोठाच ठेवा आहे.

दुसऱ्या एक जणी मुलाला पुढच्या वर्षी इंग्रजी माध्यमात घालण्याच्या विचारात आहेत. निर्णय त्यांचा आहे. माझे मत विचारले म्हणून सांगितले, की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य असल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे; आणि माझ्या मुलीला ‘घरण असं काही नसतं’ हे कळले, ते केवळ ती भाषा तिची असल्यामुळे कळले.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेखनाची नोंद आजवर राहिली होती. दिवाळीला यायचे निमंत्रण म्हणून मुलीने मामाला पोस्टकार्ड लिहिले. मजकूर पूर्णपणे तिचा आहे: ‘मामा तू ये. आम्ही किल्ला करनार आहोत. मावळे लागतिल. पनत्या मी रंगवल्या.’ यात ‘ण’च्या जागी ‘न’ आहे आणि ‘लागतील’ची वेलांटी ऱ्हस्व झाली आहे. मी कार्ड जसेच्या तसे पेटीत टाकले. दुरुस्त केले असते तर ते माझे पत्र झाले असते.

याचा अर्थ शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करायचे असा नाही. ‘न’ आणि ‘ण’ यांचा फरक तिच्या कानाला अजून पुरता जाणवत नाही, कारण आमच्या भागात बोलताना तो पुष्कळदा पुसट होतो. म्हणून त्यावर कानापासूनच काम सुरू केले आहे: मन आणि मण, वन आणि वण अशा जोड्या मी म्हणायच्या आणि तिने कोणता शब्द ऐकू आला ते ओळखायचे.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुट्टी. आठवडी बाजारात तिला शंभर रुपये देऊन मेथी, लिंबे आणि पेरू आणायला सांगितले. मी दोन पावले मागे उभी होते. पंचवीसची मेथी आणि वीसची लिंबे झाल्यावर तिने पेरूवाल्या मावशींना विचारले, “पंचावन्न उरलेत, त्यात किती येतील?” मावशींनी अर्धा किलो तोलून दिले आणि काटा कसा वाचायचा तेही दाखवले.

बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मूल जिथे कामाला असते तिथेच शिक्षण नेले. बाजारातून परतताना मला त्या कामाची आठवण झाली. आपल्या मुलांना गुरे राखायची नसतात, पण त्यांचेही रोजचे जग वर्गाबाहेरच आहे आणि त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१४ डिसेंबर, रविवार

वजाबाकीत एक ठरावीक चूक वारंवार येऊ लागली: ५२ – २७ चे उत्तर मुलगी ३५ लिहिते. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत हे तिला दिसते, म्हणून ती ७ मधून २ वजा करते. ‘हातचा घे’ असे सांगून हे उत्तर लगेच दुरुस्त करून घेता येते, परंतु हातचा कुठून येतो हे कळले नसेल तर पुढच्या वर्षी तीन अंकी वजाबाकीत हाच घोटाळा दुप्पट होऊन उभा राहतो.

म्हणून कागदावरचे काम थांबवून काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या केल्या. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या घेऊन त्यातल्या सत्तावीस काड्या आजीला द्यायच्या. सात सुट्या देता येईनात, तेव्हा तिने आपणहून एका जुडीचे रबर काढले. बारा सुट्यांतल्या सात दिल्या, चार जुड्यांतल्या दोन दिल्या, उरल्या दोन जुड्या आणि पाच काड्या. आधी वहीत लिहिलेल्या ३५ कडे तिने पाहिले, काड्या पुन्हा मोजल्या आणि आकडा स्वतः खोडून २५ केला. पुढे तीन-चार दिवस काड्या आणि आकडे शेजारी शेजारी चालले. जुडी सोडली की लगेच दशकाचा आकडा खोडून एक कमी लिहायचा.

१८ जानेवारी २०२६, रविवार

जूनमधल्यासारखीच पाहणी आज पुन्हा केली, या वेळी दुसऱ्या पातळीची अनोळखी गोष्ट घेऊन. गती मिनिटाला पंचेचाळीस शब्दांच्या आसपास आहे. पहिल्या वेलांटीची आणि ‘घ’-‘ध’ची अडचण उरलेली नाही. रफार ओळखते, लांब शब्दात, उदाहरणार्थ ‘मार्गदर्शन’ किंवा ‘वर्तमानपत्र’ वाचताना, थांबते, पण शब्द फोडून पूर्ण करते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अजून कच्चे आहेत. कारण विचारणाऱ्या प्रश्नांची उत्तरे ती चांगली देते, आणि एका ठिकाणी गोष्टीतल्या मुलाचे वागणे तिला पटले नाही, ते तिने कारणासह सांगितले.

शंभरच्या आतल्या संख्या ऐकून ती बरोबर लिहिते. त्रेसष्ट आणि सदुसष्ट यांत क्वचित गोंधळते. जुडी सोडून करायची वजाबाकी काड्यांशिवाय जमते. ७० – ३४ सारखी, एककात शून्य असलेली उदाहरणे मात्र अजून काड्या घेऊनच करायला हवीत.

फेब्रुवारीची आखणी अशी: शंभरच्या नोटा घेऊन तीन अंकी संख्या सुरू करायच्या, त्यांत १०५ आणि १५० यांतला फरक सर्वांत आधी घ्यायचा, ‘न’-‘ण’च्या जोड्या चालू ठेवायच्या, आणि मामाचे उत्तर आले आहे, ते जोडाक्षरांनी भरलेले असल्यामुळे तिलाच पूर्ण वाचू द्यायचे. बाईंना ही नोंदवही सोमवारी दाखवायची आहे, म्हणजे वर्गात दिसणाऱ्या अडचणी त्या यात लिहू शकतील.